नऊ वर्षांचा कहर

शिराझ,
१८ एप्रिल २००४

प्रिय अक्का,

तुला आणि भावोजींना इराणातून नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? रायापूरला नळाला रोज पाणी यायला लागलं का, की अजून टँकरच?

आम्ही सुखरूप पोचलो. फोन करायला प्रवीण रोज सांगतो, पण फोनवर काय बोलणार? हे शेजारच्या खुर्चीवर पेपर धरून बसतात. पेपर फारसी आहे, वाचता येत नाही, तरी पान उलटतात. म्हणून पत्र. प्रवीणच्या ऑफिसातला एक जण मुंबईला निघालाय, तो तिथून पोस्टात टाकेल.

गाव फार देखणं आहे. रस्त्यांच्या कडेला नारिंगाची झाडं, त्यांना आता फुलं आलीत, त्यामुळं सकाळी दार उघडलं की कुणीतरी अत्तराची बाटली फोडल्यासारखं वाटतं. आणि भाषेची तर गंमत सांगायला नको. पडद्याला पर्दे, बाजाराला बाजार, कागदाला कागज, हजाराला हजार. दह्याला मास्त म्हणतात, आणि ते असतंही. मी चार दिवसांत बाजारात उभी राहून घासाघीस करायला लागले. अर्धं कळतं, अर्धं हातांनी.

आता खरी अडचण. कविता हुबळीहून बाळंतपणाला बेळगावला माहेरी गेली, पोरगा इथं एकटा पाव-चीज खाऊन राहतो, म्हणून आम्ही दोघांनी जाऊन त्याला दोन महिने जेवू घालावं असं ठरलं. ठरवलं सगळ्यांनी मिळून, पण निघताना एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. ती इथं पहिल्या सकाळी आली. प्रवीणचं सिमेंट कारखान्याचं काम गावाबाहेर आहे. तो उजाडताच जातो आणि दिवस कलला की येतो. मधल्या वेळात घरात आम्ही दोघंच. आणि आमचं बोलणं नाही.

हुबळीत त्याचं कधी अडलं नाही. आधी मधे प्रवीण होता, मग सून आली. "कविता, सासूला सांग, रात्री पाहुणे आहेत." आमच्या साडीच्या दुकानातला धोंडिबा दुपारी ह्यांचा डबा न्यायला आला की डब्याबरोबर निरोपही न्यायचा. नऊ वर्षं घर कसं बिनबोभाट चाललं. इथं कविता नाही, धोंडिबा नाही.

परवा मी आमटी केली. ह्यांनी एक घास घेतला आणि छताकडं बघून विचारलं, "मीठ कमी आहे असं कुणाला वाटतंय का?" मी उठले, मिठाची बाटली आणून त्यांच्या पानाजवळ ठेवली. थोड्या वेळानं फ्रीजकडं वळून कानडीत, "ई मन्याग निंबिहण्णु इल्लेनु?" या घरात लिंबू नाही का म्हणून. फ्रीजमध्ये लिंबू होतं. फ्रीजनं काही उत्तर दिलं नाही, मग मीच काढून दिलं.

खाली घरमालकीण राहते, तूबाखानूम. खानूम म्हणजे बाई. विधवा आहे, आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. दिवसातून तीनदा चहा घेऊन वर येते. ती आमच्याकडं फार बारकाईनं बघते. मला तिची जरा धास्ती वाटते.

कविताला विचारून सांग, डॉक्टरांनी तारीख कुठली दिलीय. आणि माझ्या तुळशीला पाणी घालायला तानूबाई येते का ते बघ.

तुझी,
अनसूया


शिराझ,
३० एप्रिल २००४

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही पोचले. भावोजींना तेल कोमट करून लावत जा, गरम नको.

तूबाखानूमनं पकडलं. परवा दुपारी चहा घेऊन आली, तेव्हा हे दाराच्या मुठीला सांगत होते की कुणीतरी खिडकी लावावी. तिनं दाराची मूठ बघितली, ह्यांना बघितलं, मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "कह्र?"

मी म्हटलं, बाई, बरोबर ओळखलंत. कहरच आहे. पण तिचा अर्थ वेगळा होता. संध्याकाळी हे फिरायला गेले असताना प्रवीण आला आणि ती पुन्हा चहा घेऊन वर आली, तेव्हा कळलं. फारसीत कह्र म्हणजे अबोला. आपला कहर हाच शब्द इथले लोक अबोल्याला वापरतात. मला तरी दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.

तर तिनं मला तीन बोटं दाखवली आणि मान हलवली. तिच्या धर्मात तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये असं सांगितलंय म्हणे. मी नऊ बोटं दाखवली. नऊ दिवस म्हणून तिनं कपाळाला हात लावला. मग प्रवीणनं सांगितलं, दिवस नव्हे, वर्षं. ती चहाचा पेला बशीत ठेवायला गेली तो मांडीवरच ओतला.

मग कारण विचारलं. आता कारण तुला ठाऊक आहे, पण अक्का, मी ते कधी कुणाला पहिल्यापासून सांगितलंच नव्हतं. मी सांगत गेले, प्रवीण फारसीत सांगत गेला. की मी रोज दुपारी दुकानात बसायचे. बायका इरकल घ्यायला यायच्या त्या माझ्याशी बोलून घ्यायच्या. त्या दसऱ्याआधी हे तिरुपतीला गेले असताना मोहरीच्या रंगाच्या इरकल साड्यांचा एक गठ्ठा मी माझ्या मनानं घेतला. हे आले, गठ्ठा बघितला आणि भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "दुकान म्हणजे स्वयंपाकघर नव्हे, हातात येईल ते घालायला." मी मीटरपट्टी गादीवर ठेवली, उठले आणि घरी आले. त्यानंतर त्या पायरीवर पाय ठेवला नाही. मला एवढंच हवं होतं की त्यांनी म्हणावं, चल दुकानात. आज म्हणतील, उद्या म्हणतील असं करत करत पोरगं इंजिनियर झालं, त्याचं लग्न झालं.

प्रवीण मध्येच फारसी विसरला. म्हणाला, "आई, मला वाटायचं तुमचं आजीच्या बांगड्यांवरून बिनसलंय." त्याच्या आजीला मुळात बांगड्याच नव्हत्या.

तूबाखानूमनं डोळे पुसले आणि एक शब्द म्हणाली, "आश्ती." मला सोलापूरकडचं आष्टी गाव आठवलं. आश्ती म्हणजे समेट. या गावात थोर लोकांच्या कबरी खूप आहेत, तिथं नवस बोलला की आश्ती होते, मी तुम्हाला नेते, असं तिनं जाहीर केलं. ह्यांना प्रवीणनं नुसतं सांगितलं की जुन्या इमारती बघायच्यात. ह्यांना विजापूरचा गोलघुमट शाळेच्या सहलीत बघितल्याचा अभिमान आहे. लगेच तयार झाले.

निघताना ती मला म्हणाली, चादर घे. मी पलंगावरची घडी करून पिशवीत घातली. मला वाटलं, तिथं बसायला. तिनं ती बघितली आणि इतकी हसली की जिन्यात खाली बसली. इथं चादर म्हणजे बायका डोक्यापासून पायापर्यंत घेतात ते पातळ. तिनं तिची फुलाफुलांची मला दिली. ह्यांनी लांबूनच चिमटीत धरून बघितली आणि जिन्याच्या कठड्याला सांगितलं, "पॉलिस्टर. धुतल्यावर आक्रसणार."

पहिल्यांदा अली बिन हमजांच्या समाधीला गेलो. बाहेरून निळसर घुमट, कांद्यासारखा फुगीर. आत गेल्यावर मात्र मी दारातच थबकले. भिंती, कमानी, छत, सगळीकडं आरशांचे बारीक तुकडे बसवलेत. अंगणातला उजेड आत येतो आणि वर छतभर पाण्यासारखा हलतो. मधे जाळीची कबर, लोक जाळीला हात लावून शांत उभे. आपण कुठं आलोय, कुणाच्या घरी आलोय, हे विसरायला होतं.

तूबाखानूमनं आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. आता ह्यांची पंचाईत अशी की नऊ वर्षं माझ्याकडं सरळ बघायचं टाळलेलं. इथं जिकडं मान फिरवतील तिकडं आरशात मी. डावीकडं माझं नाक, वर माझा चष्मा, समोर अर्धं कुंकू. शेवटी त्यांनी डोळेच मिटले. तूबाखानूमला वाटलं प्रार्थना करतायत. आश्ती झाली नाही, पण तिथल्या एका म्हाताऱ्यानं चहा आणि खडीसाखर दिली.

दुसऱ्या दिवशी सय्यद अलाउद्दीनांच्या दर्ग्याला नेलं. तिथं तिनं नवसाची केशरभाताची खीर वाटली. एकच ताटली आम्हा दोघांच्या हातांत दिली, एका बाजूनं त्यांनी धरायची, एका बाजूनं मी. ही तिची युक्ती. आम्ही ती ताटली धरून लग्नातल्यासारखे उभे राहिलो, शेवटी एका पोराची आई आली आणि आमच्या हातांतून ताटली घेऊन गेली. तिला वाटलं आम्ही तिलाच देतोय.

तूबाखानूम काही हार मानत नाही. आता शाह चिरागला न्यायचं म्हणते. ती मोठी जागा. तिथं काम झालं नाही असं होत नाही म्हणते.

मी मात्र तिला सांगितलं, बाई, तुमच्या संतांना आमच्या ह्यांचा अनुभव नाही.

तुझी,
अनसूया


शिराझ,
१० मे २००४

प्रिय अक्का,

नमस्कार. कविताला मुलगी झाली, हे तुला आमच्याआधी कळलं असणार. नाक आमच्याकडचं आहे असं बेळगावहून फोन आलाय. प्रवीणनं ऑफिसात गझ नावाची मिठाई वाटली. आपल्या चिक्कीची ती मऊ मावसबहीण. मी येताना आणते, पण भावोजींच्या दातांना चिकटेल.

इथं आता ऊन चढायला लागलं. काकड्या फार गोड मिळतात, पाहुण्यांपुढं फळं म्हणून काकड्या ठेवतात. तूबाखानूमचं बरं आहे. हेही बरे आहेत. ह्यांना काल दह्यातली काकडी आवडली असं म्हणाले.

तू विचारशील, कुणाला म्हणाले? थांब, सांगते.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही शाह चिरागला गेलो. गुरुवारी तिथं जत्रेसारखी गर्दी असते. इतर धर्माच्या माणसांना आत सोडतील की नाही याची प्रवीणला शंका होती. दारावर उभ्या माणसाच्या हातात काठी नव्हती, रंगीत पिसांचा झाडू होता. गर्दीला तो पिसांनीच वाट दाखवतो. त्यानं विचारल्यावर तूबाखानूम बराच वेळ बोलली. मला त्यातलं मेहमान आणि नऊ एवढंच कळलं. त्या माणसानं ह्यांच्याकडं फार दयेनं बघितलं, छातीवर हात ठेवला आणि आम्हाला आत सोडलं.

आत बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं. प्रवीण गाडी लावायला जागा शोधत बाहेरच अडकला. मी आणि तूबाखानूम बायकांच्या बाजूला गेलो. चपला तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवल्या. अक्का, हिरव्या उजेडात आरशांचं ते दालन असं दिसत होतं की मला वाटलं, पाण्याखाली दिवे लावलेत. तूबाखानूम जाळीला धरून रडायला लागली. तिच्या नवऱ्यासाठी रडत होती की आमच्यासाठी, ते मी विचारलं नाही. मी मागं सरकून उभी राहिले. गर्दीचा लोंढा आला. बघते तर तूबाखानूम पुढं चाललेली. मी तिच्या मागं. एक दार, दुसरं दार, अंगण. तिथं ती वळली, तर भलतीच बाई. काळी चादर घेतल्यावर पाठीमागून सगळ्या तूबाखानूमच.

मी अनवाणी, परक्या देशात, आणि अंगणाला चारी बाजूंनी सारख्याच कमानी. थोडी फिरले, मग दिवसभर तापलेल्या फरशीनं पाय पोळायला लागले म्हणून एका घरच्या माणसांनी गालिचा अंथरला होता त्याच्या कडेला टेकले. त्यांनी न विचारता नान, चीज आणि पुदिना हातात दिला. मी म्हटलं, तूबाखानूम शोधेल.

तिकडं काय झालं ते मागून कळलं. तूबाखानूम माझ्या चपलांची पिशवी घेऊन रडत ह्यांच्याकडं गेली, मी हरवले म्हणून. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोघं दारापाशी हरवलेल्या माणसांच्या खोलीत गेले. तिथला माणूस माईकवरून नावं पुकारतो. पण फारसीत पुकारून मला काय कळणार? म्हणून त्यानं माईक ह्यांच्याच हातात दिला आणि विचारलं, नाव काय?

लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. बोलत होते तेव्हाही 'अगं' म्हणायचे.

मी पुदिना खात होते. खांबावरचा लाउडस्पीकर खरखरला आणि त्यातून ट्रंक कॉल लावल्यासारखा आवाज आला. "हॅलो. हॅलो. अनसूया. अनसूया महादेव मिरजकर, दाजीबानपेठ, हुबळी. मी महादेव बोलतोय. मोठ्या दरवाज्याच्या डाव्या हाताला खोली आहे, तिथं आहे. चपला माझ्याकडं आहेत. उठून ये."

सगळं अंगण ऐकत होतं. थोड्या वेळानं परत तेच. पत्ता पुन्हा दाजीबानपेठेपासून.

अक्का, मी उठायला हवं होतं. उठले नाही. मला वाटलं, आणखी एकदा म्हणू देत.

पण त्यानंतर माईक बंद करायचा राहिला. ह्यांना ते कळलं नाही, त्या माणसालाही नाही. मग ऐकू आलं ते मी तुला शब्दाला शब्द लिहिते, कारण मी ते दुसऱ्या कुणाला सांगणार नाहीय.

"येत नाही बघा ती."

"बले," तो माणूस म्हणाला. बले म्हणजे हो.

"हट्टी आहे फार. पण चूक माझी होती हो. तो गठ्ठा दसऱ्यालाच संपला. एक साडी उरली नाही. मी तिला सांगितलंच नाही."

"बले, बले."

"आता खरेदी मी करतो आणि माल पडून राहतो. बायका येतात, विचारतात, बाई कुठं आहेत? मी सांगतो, बरं नसतं त्यांना. नऊ वर्षं आजारी आहे ती दुकानात."

"बले. चाय?"

"नको. रोज घरी जाताना ठरवतो, आज म्हणायचं, उद्यापासून चल. जिन्यापर्यंत येतं तोंडात. वर गेलं की कविता पाणी घेऊन येते, मग तिलाच काहीतरी सांगून टाकतो." आणि मग, "इथं हरवली तर मी हुबळीला कुठल्या तोंडानं जाऊ?"

आवाज भरून आला होता. माझ्या शेजारच्या म्हातारीला वाटलं, कुणी परदेशी भक्त दुवा मागतोय. तिनं हात वर केले आणि म्हणाली, "इलाही आमीन." तिचं बघून आसपासच्या चार-सहा बायकांनीही हात वर केले. एवढ्या माणसांत अर्थ कळणारी मी एकटी, आणि मला हसू आवरेना, रडूही आवरेना. त्या म्हातारीनं मला पोटाशी धरलं.

मग लाउडस्पीकर खट्कन बंद झाला. मी उठले.

दारापाशी हे माझ्या चपलांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते. मला बघितलं.  मीच म्हटलं, "जरा ही चादर धरा, चपला घालते." त्यांनी धरली. मग म्हणाले, "पाय भाजले का?" मी म्हटलं, "थोडे." एवढंच. तूबाखानूमनं आधी माझे, मग चुकून ह्यांचेही मुके घेतले. हे इतके लाजले की गाडीत बसेपर्यंत कुणाकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर सवयीनं छताकडं बघून "चहा" एवढं म्हणाले. मग मान खाली आणून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "करतेस का?" प्रवीण स्वयंपाकघराच्या दारात होता, तो गुपचूप मागच्या मागं बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला.

मी सगळं ऐकलं हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, मी नाव आणि पत्ता ऐकून आले. तू कधी बोलून जाशील म्हणून आत्ताच सांगते, बोलू नकोस. भावोजींनाही सांगू नकोस, ते हुबळीला दुकानात फोन करून धोंडिबाला सांगतील.

काल आम्ही दोघंच बाजारात गेलो. मोठा जुना छपराचा बाजार आहे, कापडाची गल्लीच्या गल्ली. ह्यांनी एका दुकानात डाळिंबी रंगाचं कापड उलगडून धरलं, बोटांत चुरलं आणि मला विचारलं, "आपल्याकडं चालेल का?" मी म्हटलं, "आपल्या उन्हात विटेल. तो शेजारचा तागा बघा." त्यांनी शेजारचा बघितला. बराच वेळ बघितला. मग कापडाकडंच बघत म्हणाले, "परत गेल्यावर दुपारचं दुकानात येत जा. मला एकट्याला जमत नाही."

मी म्हटलं, "बघते."

लगेच हो म्हणायचं असतं तर नऊ वर्षं कशाला काढली असती? रस्ताभर बिचारे माझ्या तोंडाकडं बघत होते. घरच्या जिन्यात हो म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हुबळीत पोचतो. आधी बेळगावला नातीला बघून येऊ. मग तू ये, पण दुपारी घरी येऊ नकोस, कुलूप असेल. पत्र घातलंस तर तेही खालच्या पत्त्यावर घाल.

तुझी,
अनसूया महादेव मिरजकर,
मिरजकर साडी सेंटर, दाजीबानपेठ, हुबळी